खिडकीतल्या आठ बाटल्या

धाकटी कामाला लागली त्या दिवसापर्यंत पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत थोरलीला सगळे 'बाई' म्हणायचे. 'बाईंना विचारा', 'बाईंच्या कपाटाला हात लावू नका', 'बाईंनी धुतलेली बाटली आहे, डोळे मिटून वापरा'. हे तिने अठरा वर्षं घासून-पुसून कमावलं होतं. मग धाकटी आली आणि पहिल्याच दिवशी दारातून ओरडली, "ताई, अगं चष्मा विसरलीस घरी!" महिन्याभरात शिपायापासून मुख्य मॅडमपर्यंत सगळे तिला ताई म्हणायला लागले. थोरलीला ते फार लागलं. 'बाई' तिची स्वतःची होती. 'ताई' म्हटलं की कुणाची तरी ताई, आणि ती कुणाची हे सांगायलाच नको.

बरं, धाकटीला तिथे चिकटवलं होतं ते हिनेच. धाकटी ज्या चपलांच्या दुकानात हिशेबाला होती ते बंद पडलं, चार महिने ती घरी बसली, तेव्हा आईने थोरलीच्या मागे भुणभुण लावली. "तुझ्या शब्दाला तिथं मान आहे म्हणतेस ना, मग टाक की एकदा." थोरलीने शब्द टाकला. सुरुवातीला बरंही वाटलं. धाकटी तिच्या हाताखाली बाटल्या धुवायची, लेबलं चिकटवायची, आणि एखादं लेबल तिरकं लागलं तर थोरली ते सोलून पुन्हा लावायला लावायची.

पण धाकटीचा पाय एका जागी कधी ठरलाय? तिने संध्याकाळचा अभ्यासक्रम धरला, दोन वर्षं बसमध्ये पुस्तक उघडून बसली, परीक्षा पास झाली आणि थेट यंत्राच्या खोलीत गेली. ते यंत्र म्हणजे प्रयोगशाळेचा प्राण. हौदभर पाण्यात चिमूटभर औषध पडलं असलं तरी शोधून काढायचं. खोली थंडगार, धूळ अजिबात चालायची नाही. थोरली नमुने घेऊन गेली की धाकटी आतूनच सांगायची, "ताई, चपला बाहेर हं." गोडच सांगायची. ते गोड बोलणंच थोरलीच्या डोक्यात जायचं.

तोच अभ्यासक्रम अकरा वर्षांपूर्वी थोरलीपुढेही आला होता. अर्ज तीन आठवडे तिच्या पर्समध्ये पडून होता. आई तेव्हा पाय मोडून अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याने 'आता या वयात?' म्हणून विचारलेलं. पण खरं सांगायचं तर अडवलं कुणीच नव्हतं. तिनेच भरला नाही. नापास झाले तर लोक काय म्हणतील, या भीतीने. ही गोष्ट दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती म्हणून काही तिची धग कमी होत नव्हती.

घरी तरी निराळं काय होतं? आई राहायची थोरलीकडे. तिला आंघोळ घालायची थोरली, तिची नखं कापायची थोरली, औषधाच्या गोळ्या वाटीत मोजून ठेवायची थोरली. आणि रविवारी तासभर धाकटी आली की आईच्या तोंडावर दिवे लागायचे. "आली गं बाई माझी पोर!" थोरली चहा टाकता टाकता म्हणायची, "आणि मी कोण, शेजारीण?" आई हसायची. तिला वाटायचं, थोरली विनोद करतेय.

एकूण काय, थोरली दिवसभर पाणी पाहायची आणि धाकटीला पाण्यात पाहायची.

आता ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याआधी एक सांगायला हवं. थोरली नवीन होती तेव्हा तिथे एक जुने साहेब होते. त्यांनी तिला एकदा खिडकीशी बोलावून दोन बाटल्या दाखवल्या. एक पांढऱ्या काचेची, एक तपकिरी. दोन्हींत एकच निळा रंग कालवलेला, दोन्ही आठवडाभर उन्हात ठेवलेल्या. पांढरीतला निळा विरून पाणी जवळजवळ स्वच्छ झालं होतं. तपकिरीतलं ओतून पाहिलं तर निळंच्या निळं.

"कुठे गेला सांग रंग?" साहेबांनी विचारलं.

"उडाला?"

"उडायला बूच कुठे उघडंय? उन्हाने मोडला. साखळीच्या कड्या तोडाव्यात तसा. रंगाचं सोड, पण शेतातली, बागेतली कितीतरी औषधं अशीच पाण्यात उन्हाने तुटतात. काही महिन्यांनी, काही दोन-चार तासांत. तपकिरी काच ते ऊन आत येऊ देत नाही. म्हणून औषधाचा नमुना तपकिरी बाटलीत, आणि बाटली अंधारात. हे विसरलीस तर यंत्र कितीही भारी असो, खोटंच बोलेल."

थोरली ते विसरली नाही. चोवीस वर्षांत एकदाही नाही.

तर झालं असं. गावाबाहेर एक वस्ती होती, साठेक घरांची. तिला एक हातपंप. पंपाच्या शेजारीच एकाची रोपवाटिका. त्याची रोपं करपायला लागली. पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग पांढऱ्याफटक. त्याने पाण्यावर संशय घेऊन तक्रार केली. पाणीखात्याने पंपाला साखळी घातली आणि प्रयोगशाळेला कळवलं, की तणनाशक वगैरे काही आहे का बघा.

नमुने आणणारा माणूस आजारी होता, म्हणून धाकटी स्वतः गेली. तपकिरी बाटल्यांचा क्रेट दुसऱ्या गाडीतून दुसरीकडे गेलेला. तिने पांढऱ्या काचेच्या आठ बाटल्या घेतल्या, बंद पेटीत बर्फावर ठेवल्या. तेवढं चालतं, नेऊन लगेच अंधारात ठेवल्या तर. साडेनऊला ती परत आली तर दुसऱ्या गाडीवाल्यांना तीच पेटी हवी होती, आणि फ्रिज बर्फ वितळवायला बंद करून ठेवलेला. तिने आठही बाटल्या धुण्याच्या खोलीतल्या खिडकीत मांडल्या. तेव्हा तिथे सावली होती. तेवढ्यात मॅडमनी तिला बैठकीला बोलावलं. जाता जाता ती म्हणाली, "ताई, जरा बघशील ना बाटल्यांकडे? फ्रिज लागला की आत टाक."

"हं," थोरली म्हणाली. तिचे हात साबणात होते.

त्या खिडकीत ऊन साडेदहाला येतं, हे थोरलीइतकं कुणाला ठाऊक असणार? ते बरोबर साडेदहाला आलं. आधी पहिल्या बाटलीच्या खांद्यावर, मग दुसरीच्या. थोरलीने हात पुसले. फ्रिज अजून लागला नव्हता, पण कपाट होतं, काळं फडकं होतं, नुसता पडदा ओढला असता तरी भागलं असतं. ती खिडकीपाशी गेलीसुद्धा.

बैठकीची खोली भिंतीपलीकडेच होती आणि वरचा झरोका उघडा. मॅडमचा आवाज आला, "वरच्या जागेसाठी मी तुमचंच नाव पाठवतेय. खरं सांगू? ताईंची चोवीस वर्षं झाली इथे, पण त्या आहेत तिथेच आहेत. तुम्ही सहा वर्षांत हे करून दाखवलंत."

आणि धाकटी हसली. थोरलीने ते हसणं ओळखलं. लहानपणी शर्यत जिंकली की ती असंच हसायची, जरा लाजून. तिने म्हणायला हवं होतं, ताईमुळेच मी इथे आहे. एवढं एक वाक्य. थोरली वाट बघत उभी राहिली. वाक्य आलं नाही. पलीकडे खुर्च्या सरकल्या, दुसरा विषय निघाला.

थोरलीचा हात पडद्यावर होता. तिने तो खाली घेतला आणि ती पुन्हा मोरीशी जाऊन फ्लास्क घासायला लागली. घासलेलेच पुन्हा घासले. मनात म्हणाली, मी काय केलंय? काहीच नाही. बाटल्या तिच्या, खिडकीत ठेवल्या तिने. आठही बाटल्या दोन वाजेपर्यंत उन्हात चमकत होत्या.

तीनला धाकटी आली तेव्हा ऊन सरकून गेलं होतं. तिने एक बाटली हातात घेतली. "कोमट लागतायत गं."

"खोलीच तापलीय," थोरली म्हणाली.

यंत्राला काहीच सापडलं नाही. धाकटीने तीनदा चालवून पाहिलं, मग 'आढळले नाही' असा अहवाल लिहून खाली सही केली. पंपाची साखळी निघाली.

पुढचे काही दिवस थोरलीचे मोठ्या मजेत गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. तिच्या एकटीपाशी एक गुपित होतं आणि ते धाकटीच्या सहीखाली दबलेलं होतं. घरी ती गुणगुणत होती. आईने विचारलंही, "आज काय झालंय तुला?"

नवव्या दिवशी रोपवाटिकावाला प्लास्टिकचा ट्रे घेऊन दारात उभा राहिला. ट्रेमध्ये रोपं नव्हतीच म्हणायची, नुसत्या वाळक्या काड्या.

"बाई, तुमचा कागद म्हणतो पाणी चांगलं आहे. या रोपांना वाचता येत नाही बहुतेक."

धाकटीने त्याला खुर्ची दिली. "आम्ही तीनदा तपासलं हो. एकही पीक आलं नाही." यंत्राच्या कागदावर जे टेकाड उमटतं, त्याला ते लोक पीक म्हणतात.

"माझंही नाही आलं," तो म्हणाला. मग पुढे झुकला. "एक गंमत सांगतो. माझ्याकडे एक उथळ हौद आहे, उघडा. त्यात पंपाचंच पाणी साठवतो. दोन दिवस साठलेलं ते पाणी घातलं तर रोपं ठीक. थेट पंपाचं घातलं की गेली. पाणी तर एकच! मला सांगा, हौदात असं काय आहे?"

धाकटीने कपाळाला आठ्या घातल्या. थोरलीला मात्र तो बोलत असतानाच कळलं होतं. हौदात ऊन होतं. जमिनीखाली अंधारात औषध जसंच्या तसं राहत होतं आणि हौदात दोन दिवसांत तुटत होतं. जसं तिच्या खिडकीत साडेतीन तासांत तुटलं.

धाकटी वळली. "ताई, तुला काय वाटतं?"

सहा वर्षांत पहिल्यांदा तिने हे विचारलं होतं. आणि थोरली काय म्हणाली? "मला काय कळतंय त्यातलं? मी आपली बाटल्या धुणारी."

धाकटीचा चेहरा उतरला. पण ती मूळची हट्टी. टेबलावरची स्टीलची बाटली उचलून ती त्या माणसाला म्हणाली, "काल दुसऱ्या कामाला जाताना मी तुमच्या पंपावर ही बाटली भरून घेतली. हे तिथलंच पाणी आहे. माझ्या तपासणीवर माझा विश्वास आहे, म्हणून मी आता हेच पिणार. बघा." आणि तिने झाकण फिरवलं.

"पिऊ नकोस!"

थोरलीचा आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरचा शिपाई डोकावला. बाटली तिने धाकटीच्या हातातून ओढून घेतली होती, अर्धं पाणी दोघींच्या अंगावर सांडलं होतं.

"का?" धाकटीने विचारलं.

वस्तीतली माणसं नऊ दिवस तेच पाणी पीत होती, हे तिला आत्ता, या क्षणी लख्ख दिसलं. इतके दिवस तिला फक्त धाकटीची सही दिसत होती. साठ घरं तिच्या डोळ्यांपुढे आलीच नव्हती.

"आधी पंप बंद करायला सांग," ती म्हणाली. "नमुने परत आणू. मी जाते. तपकिरी बाटल्यांत."

ती गेली. बाटल्या काळ्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आली, आणि चपला बाहेर काढून यंत्राच्या खोलीच्या कोपऱ्यात उभी राहिली. कागद सरकत आला. मधोमध टेकाड उमटलं, उंच आणि टोकदार. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने मान वर करून थोरलीकडे पाहिलं.

बोलल्या त्या मॅडम. सगळ्यांना एकत्र बोलावून म्हणाल्या, "याला म्हणतात अनुभव! ताईंच्या लक्षात आलं नसतं तर वस्ती ते पाणी पीतच राहिली असती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीच्या हातात निष्काळजीपणाचा मेमो होता. चोवीस वर्षं ज्याची आस धरली होती ते कौतुक थोरलीला असं मिळालं, आणि ते घेताना तिला कुठे बघावं कळेना.

संध्याकाळी धाकटी घरी आली. रविवार नव्हता. आई आतल्या खोलीत झोपलेली. धाकटी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"त्या दिवशी मी तुला बाटल्यांकडे बघ म्हटलं होतं."

"हो."

"ऊन आलेलं तू पाहिलंस?"

थोरलीने गॅस बंद केला. खोटं बोलायला जीभ वळत होती, अगदी टोकापर्यंत आली होती. "पाहिलं," ती म्हणाली.

"आणि?"

"पडद्याला हात लावला होता. मग नाही ओढला."

"माझ्यावर राग होता म्हणून?"

"राग नव्हता." थोरलीने शब्द शोधला. "पोटात दुखत होतं. किती वर्षं दुखतंय."

धाकटी रडली नाही, ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "माझं नाव खाली यावं असं तुला वाटलं, ते मी समजू शकते एक वेळ. बहिणी आहोत. पण त्या माणसांनी तुझं काय घेतलं होतं गं?"

आतून आईची हाक आली, "कोण, धाकटी का? अगं ये ना इकडे!"

धाकटी आत गेली नाही. तशीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगितलं, झरोक्यातून ऐकू आलेल्या वाक्यासकट. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी लेखी लिहून घेतलं. थोरलीला प्रयोगशाळेतून काढून नमुने आणणाऱ्या गाडीवर टाकलं.

"आणि तिचा मेमो?" थोरलीने विचारलं.

"तो राहील. पांढऱ्या बाटल्या तिनेच नेल्या, खिडकीत तिनेच ठेवल्या. सहीही तिचीच." धाकटीची बढती वर्षभर मागे पडली. ते ऐकताना थोरलीच्या आत, अगदी तळाशी, काहीतरी इवलंसं सुखावलं. तिला स्वतःची किळस आली, पण ते सुखावलं होतं, हे तिने स्वतःपाशी नाकारलं नाही.

वस्तीत डॉक्टर येऊन गेले. एवढ्या थोड्या दिवसांत पिऊन काही होत नाही म्हणाले, वर्षानुवर्षं पोटात गेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. औषध कुठून आलं तेही सापडलं. वरच्या अंगाला एक गोदाम होतं, तिथे फवारणीच्या टाक्या धुऊन पाणी खड्ड्यात सोडत होते. खड्डा उकरला, गोदामाला टाळं लागलं. पंप सात महिने बंद राहिला.

त्या सात महिन्यांत थोरली दर पंधरा दिवसांनी तिथे जायची. बायका टँकरच्या रांगेतून तिच्याकडे बघायच्या. त्यांना काही माहीत नव्हतं. म्हणून त्या तिला पाटावर बसायला सांगायच्या, पाणी विचारायच्या, आणि ते तिला सोसायचं नाही. एकदा रोपवाटिकावाला खुशीत येऊन म्हणाला, "खात्याने रोपांपुरतं पंपाचं पाणी काढू दिलंय, ते मी आता चार दिवस हौदात उन्हाला ठेवतो. रोपं मजेत आहेत. मग माणसांनीही तसंच करून प्यायलं तर?"

थोरलीने तो प्रश्न धाकटीपर्यंत नेला. तोवर दोघी कामापुरतंच बोलायच्या, 'नमुना चार', 'इथे सही कर' एवढंच. पण हा प्रश्न ऐकून धाकटीने खुर्ची फिरवली. "नको म्हणून सांग. रोपांना चालेल, माणसांना नाही. औषध तुटलं म्हणजे नाहीसं झालं असं नाही, ताई. त्याचे तुकडे पाण्यातच असतात. काही तुकडे निरुपद्रवी, काही नसतात. ते तपासल्याशिवाय कुणी पिऊ नये. तू हौदाचेही नमुने आण, सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा."

थोरलीने आणले. पुढे कितीतरी महिने त्या नमुन्यांवर दोघींचं काम चाललं, एक दारात, एक आत. तुकडे हळूहळू कमी होत गेले, पंपातलं औषधही उतरत गेलं, आणि एके दिवशी साखळी खरोखरची निघाली.

वर्षाने धाकटीला वरची जागा मिळाली. आईने ती बातमी थोरलीलाच तीनदा सांगितली, 'माझी पोर' म्हणून. थोरलीच्या पोटात दुखलं. नेहमीच्याच जागी.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्या घ्यायला ती प्रयोगशाळेत गेली. धाकटी क्रेट भरून देत होती. थोरलीने बरेच दिवस मनात ठेवलेलं विचारलं, "तुला कधी माझा हेवा वाटला का गं?"

धाकटीने हातातली बाटली खाली ठेवली आणि प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ती म्हणाली.

"एकदाही नाही?"

"नाही गं, ताई. कशाचा वाटणार?"

तिने ते टोचायला म्हटलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ते मेमोपेक्षा, बदलीपेक्षा खोल गेलं. इतकी वर्षं थोरली ही शर्यत एकटीच धावत होती. मग तिला एकदम हसू फुटलं, आणि काय झालं ते न कळून धाकटीही हसली. बाहेर गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. थोरलीने क्रेट कमरेवर घेतला आणि म्हणाली, "चलते. आज सात जागचे नमुने आणायचेत."